उमेदवारी: फुकटाची आणि पगाराची

'उमेदवार' हा शब्द ऐकला की हल्ली डोळ्यांसमोर निवडणूक येते. हात जोडलेला फोटो, खाली चिन्ह आणि जीपवरचा भोंगा. पण आपल्या पणजोबांच्या काळात हा शब्द कचेरीतला होता. मुळात फारसी. उमेद म्हणजे आशा, आणि उमेदवार म्हणजे आशेवर असलेला माणूस. मामलेदार कचेरीत किंवा कोर्टात एखादा तरुण रोज जाऊन बसायचा, नकला करायचा, दप्तरं बांधायचा, कारकुनांची पडेल ती कामं करायचा. त्याबद्दल दमडीही मिळायची नाही. कधीतरी एखादी जागा रिकामी होईल आणि साहेबाला आपली आठवण येईल, या आशेवर महिने, कधी वर्षं जायची. याला म्हणायचे 'उमेदवारी करणे'.

आज कारखान्यात अप्रेंटिस लागलेल्या मुलाला सरकारी मराठीत म्हणतात 'शिकाऊ उमेदवार'. शब्द तोच राहिला, आतला व्यवहार मात्र पार बदलला. तो कसा बदलला ते लिहावंसं वाटलं, कारण आमच्याच घरात सध्या यावरून दोन तट पडलेत.

आम्ही अकोल्याचे. विदर्भातलं अकोला नव्हे बरं का. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं, प्रवरेकाठचं अकोले. माझ्या भाच्याने फिटरचा आयटीआय केला आणि तो सिन्नरच्या एका कारखान्यात वर्षभरासाठी अप्रेंटिस लागला. हातात येतात महिन्याला आठ हजाराच्या आसपास. त्याचा एक मित्र नाशकात मोटरसायकलवरून पार्सलं पोचवतो आणि त्याच्या दुप्पट कमावतो. आमचे दाजी म्हणतात, "खोलीचं भाडं आन् मेस गेल्यावर उरतंय काय? सोडून दे म्हणावं." ताई म्हणते वर्ष पूर्ण करू दे. दाजींचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. भातशेतीवर घर चालवणाऱ्या माणसाला महिन्याचे आठ हजार जास्तीचे म्हणजे काय, हे आपण पंख्याखाली बसून सांगू नये. पण मला या वादात इतिहास दिसतो, तो असा.

आधी ती फुकटाची उमेदवारी. ती कोण करू शकायचं? ज्याच्या घरी दोन वेळचं जेवण ठरलेलं आहे, किंवा तालुक्याच्या गावी ज्याचा कुणी काका-मामा राहतो, तोच. ज्याच्या घरची चूल त्याच्या मजुरीवर पेटायची त्याला वर्षभर फुकट नकला करणं परवडणार कसं? म्हणजे दारावर जातीची पाटी नसली तरी दार उघडं नव्हतंच.

हातांच्या कसबाचं तर विचारूच नका. सुताराचा मुलगा सुताराच्या हाताखाली, लोहाराचा लोहाराच्या भात्यापाशी. बलुतेदारीत शिक्षण उत्तम होतं, गुरू घरातच होता, पण बाहेरच्याला तिथे प्रवेश नव्हता. आमच्या तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डांगाणातल्या महादेव कोळी किंवा ठाकर मुलाने लोहारकी शिकायची म्हटली असती, तर कुठे आणि कुणाकडे? विलायतेतही फार वेगळं नव्हतं. तिथे १५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची होती, आणि चांगल्या धंद्यात मुलगा घालायचा तर बापानेच उस्तादाला पैसे मोजायचे अशी रीत होती.

आपल्याकडे यावरचा पहिला कायदा आला १८५० साली, कंपनी सरकारच्या काळात. तो होता मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांसाठी. दहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षांच्या कराराने एखाद्या उस्तादाकडे बांधून द्यायचं, म्हणजे मोठेपणी तो आपलं पोट भरेल. हेतू चांगलाच होता, पण शब्द बघा: 'बांधून' द्यायचं.

पुढे रेल्वे आली, गिरण्या आल्या, १८८७ साली मुंबईत व्हीजेटीआय निघालं. मग स्वदेशीची लाट आली आणि एक निराळाच प्रयोग झाला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभारला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं आणि १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवायला आले. गंमत अशी की हा कारखाना नुसत्या नफ्यासाठी नव्हताच. इथे पोरांनी काच करायला शिकावं आणि बाहेर पडून आणखी कारखाने काढावेत, हा उद्देश. शाळा आणि कारखाना एकाच छपराखाली. पुढे दोनच वर्षांनी, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली. व्हीजेटीआयमध्ये शिकवलेला हा माणूस. आसपासच्या खेड्यांतली माणसं तिथे लोखंडाच्या कामात तयार झाली. नांगर धरणारे हात नांगर घडवायला लागले.

या दोन्ही गोष्टी मोठ्या, पण त्या काही मोठ्या मनाच्या माणसांवर अवलंबून होत्या. काळे नसते, किर्लोस्कर नसते तर? हक्क म्हणून उमेदवारी मिळाली ती स्वातंत्र्यानंतर. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा झाला आणि १८५० चा कायदा रद्द झाला. मी या कायद्याची कलमं वाचली (रिकामपणचे उद्योग!) आणि खरं सांगतो, काही जागी चकित झालो.

पहिली गोष्ट म्हणजे करार लेखी हवा आणि त्याची सरकारकडे नोंद हवी. दुसरी, उमेदवाराला ठरलेलं विद्यावेतन दिलंच पाहिजे. तिसरी मला सगळ्यात आवडली: उमेदवाराला नगावर पैसे द्यायचे नाहीत आणि त्याला उत्पादनाच्या बोनसच्या शर्यतीतही ओढायचं नाही. का, ते कारखान्यात काम केलेल्या माणसाला लगेच कळेल. नगावर पैसे मिळाले की पोरगं एकच भोक दिवसभर पाडत बसतं. हात वेगात चालतो, पण शिकणं तिथेच थांबतं. शिकणाऱ्याला चुकायला, थांबायला, विचारायला वेळ मिळावा, एवढी समज कायदा लिहिणाऱ्यांनी दाखवली. कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूदही त्यात आहे. आणि १९७३ च्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या. म्हणजे बलुतेदारीत ज्याला भात्याजवळ जागा नव्हती त्या डांगाणातल्या पोरासाठी लेथजवळ जागा ठेवली गेली.

आपली एसटीच घ्या. तिची पहिली गाडी १ जून १९४८ ला नगर-पुणे अशी धावली, हे नगरकर अभिमानाने सांगतात. त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या कार्यशाळांमधून मोटार मेकॅनिक, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कामांना शिकाऊ उमेदवार घेतले जातात. वीज मंडळ घेतं, रेल्वे घेते, ओझरचा विमान कारखाना घेतो, सिन्नर-सातपूरचे कारखाने घेतात. आमच्याकडच्या पोराला दुसरी वाट कुठली? भात लावून झालं की नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उभं राहायचं, आणि तिथे वीस वर्षं उभं राहिलं तरी मजुरी मजुराचीच.

आता पैशाकडे येऊ, कारण दाजींचा मुद्दा तोच आहे. २०१९ च्या नियमांनी किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरलं. २०२५ साली ते ३६ टक्क्यांनी वाढवावं अशी शिफारस झाली. हे फार नाही, मान्य. पण दुसरीकडे काय आहे तेही बघा. खाजगी कॉलेजात फी भरून शिकायचं तर जमीन गहाण पडते. इथे शिकणाराच थोडं का होईना घरी आणतो, निदान घरावर बोजा होत नाही. गरिबाच्या शिकण्यात अडथळा बुद्धीचा कधीच नव्हता, शिकण्याच्या काळात जेवायचं काय, हा होता. त्या आठ हजारांचं मोल मला तिथे वाटतं.

दुसरी बाजू लपवत नाही. अप्रेंटिस म्हणजे स्वस्त मजूर, असं समजणारे मालक आहेत. वर्षभर झाडलोट करून घेतात आणि पुढच्या वर्षी नवी बॅच आणतात. आणि वर्ष संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन कायदा मालकावर घालत नाही. १९९५ साली सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशच्या एसटीच्या प्रकरणात सांगितलं की, बाकी सगळं समान असेल तर शिकून तयार झालेल्या उमेदवाराला बाहेरच्यापेक्षा प्राधान्य द्यावं. पण ते प्राधान्य आहे, हमी नाही. म्हणजे उमेदवारीतली 'उमेद' अजून शिल्लक आहेच, आणि तिच्यातली अनिश्चितताही.

उलट नुसते पैसे मिळूनही भागत नाही. २०२४ साली राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, शिक्षणाप्रमाणे सहा, आठ किंवा दहा हजार रुपये. पैसे उपयोगी पडलेच असणार. पण कुठल्याशा ऑफिसात कागद पुढेमागे करून सहा महिन्यांनी हातात कसब काय आलं, हा प्रश्न उरतोच. पार्सल पोचवण्यालाही तोच प्रश्न लागू आहे. काम प्रामाणिक आहे, कष्टाचं आहे, पण पाच वर्षांनी तो मुलगा पहिल्या दिवशी जिथे होता तिथेच असतो, फक्त मोटरसायकल जुनी झालेली असते. फिटरचं तसं नाही. अप्रेंटिसचं वर्ष संपलं की परीक्षा असते, आणि त्या परीक्षेचं राष्ट्रीय प्रमाणपत्र सिन्नरमध्ये चालतं तसं चाकणमध्येही चालतं.

तेव्हा नातेवाईक मंडळींना एक विनंती. घरातलं पोरगं अप्रेंटिस लागलं की आपण सगळे पहिल्यांदा विचारतो, "पगार किती?" ते विचाराच. पण त्याबरोबर हेही विचारा: करार नोंदवलाय का? विद्यावेतन खात्यात जमा होतं का? या महिन्यात नवीन काय शिकवलं? परीक्षा कधी? यातल्या दोन-तीन प्रश्नांना उत्तर नसेल तर दाजींसारखं म्हणायला हरकत नाही, सोडून दे. भाच्याला मी हे चारही प्रश्न फोनवर विचारले. तीन उत्तरं लगेच आली. परीक्षेची तारीख तो सोमवारी विचारून सांगणार आहे.