गरिबाच्या गाईचा इतिहास

राजेमहाराजांच्या इतिहासात हत्तीघोड्यांची मोजदाद सापडते, गोदानाची वर्णने सापडतात. पण शेळ्यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. शेळीला आपण गरिबाची गाय म्हणतो. तिची उठबस बहुधा बायकांनी आणि पोरासोरांनीच केली. भगिनींनो, आपल्या नागपूर-वर्ध्याच्या भागात तर या जनावराचा इतिहास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

महात्मा गांधींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले. गाईम्हशींचे दूध वाढविण्यासाठी त्यांच्यावर फुंक्याचा क्रूर प्रयोग करतात, हे कळल्यावर तर त्यांना दुधाची शिसारीच आली. पुढे १९१८ साली ते आमांशाने अंथरुणाला खिळले. शक्ती भरून येईना. डॉक्टर म्हणत दूध घ्या, आणि व्रत आडवे येई. तेव्हा कस्तुरबांनीच वाट काढली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय आणि म्हैस होती, शेळीचे दूध घेण्यास काय हरकत आहे? गांधीजींनी ते मानले. व्रताचे शब्द पाळले, पण त्यामागचा भाव मोडला, ही खंत मात्र त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. १९३६ साली ते वर्ध्याजवळच्या शेगावी राहावयास आले. तेच पुढे सेवाग्राम झाले. तेथेही शेळीचे दूध त्यांच्या आहारात होते. जगभर गाजलेल्या या दुधामागे एका गृहिणीची व्यवहारबुद्धी होती, हे आपण विसरू नये.

अशीच बुद्धी खेड्यापाड्यांतील बायकांनी कळपाच्या बाबतीत दाखविली. शेळी गाभण राहिल्यापासून सुमारे पाच महिन्यांनी विते. कोणती शेळी जुळी देते, कोणीचे दूध पिलांना पुरून घरातल्या चहापुरते उरते, कोणती उन्हाळ्यात टिकते, हे घरची बाई वेतावेताला पाहते. चांगल्या शेळीची पाट घरी ठेवायची आणि बोकड बाजारात न्यायचा, हा तिचा हिशेब. पिलू जन्मले की लगेच त्याला चीक पाजायचा. बापाशी लेकीचा संकर होऊ नये म्हणून कळपातला बोकड दीड-दोन वर्षांनी बदलायचा. पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक जातिवंत बोकड पुरतो, असे आजचे पशुवैद्यही सांगतात. ज्या बाईजवळ शेळी घेण्यास पैसा नसे, ती दुसऱ्याची शेळी अर्धलीने पाळी आणि वाट्याला आलेल्या पिलांतून स्वतःचा कळप उभा करी. लग्नकार्य, आजारपण, मुलाची फी, अशा वेळी दारची एक शेळी विकून नड भागे.

अशा निवडीतूनच पिढ्यान्‌पिढ्या आपल्या विदर्भातील बेरारी शेळी घडली. भुऱ्या-तांबूस अंगाची आणि तोंडावर शिंगांपासून नाकाकडे जाणारे पट्टे असलेली ही शेळी आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिली असेल. दुधाला ती फार मोठी नाही, पण येथले ऊन आणि येथला पाला तिला मानवतो. उस्मानाबादी व संगमनेरी या जातींची नावे आधीपासून पुस्तकांत होती. बेरारी मात्र कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदीत या शतकाच्या दुसऱ्या दशकात आली.

सरकारनेही काही प्रयत्न केले. १९७८ साली राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. आपल्या जिल्ह्यात बोंद्री येथे त्याचे प्रक्षेत्र आहे. २००० साली नागपुरात पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठही निघाले. ही कामे मोलाची आहेत. पण ज्या जातीची आज नोंद झाली, ती सांभाळली कोणी, याची नोंद कोठेच नाही. आता चराईची राने आटत आहेत, आणि मिळेल तो बोकड लावल्याने जुना वाण मिसळून जात आहे. वाण हरवला तर त्यामागची बायकांची हुशारीही हरवेल.

म्हणून एक विनंती. ज्या भगिनींच्या माहेरी वा सासरी शेळ्या होत्या, त्यांनी घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून त्यांचे रंग, दूध, वेते आणि औषधपाणी एका वहीत लिहून काढावे. आणि त्या पानावर शेळ्या सांभाळणाऱ्या बाईचे नावही अवश्य घालावे.