कोणती गोळी सोडू?

कसलेला नेमबाज चाप ओढतो तो हृदयाच्या दोन ठोक्यांमधल्या शांततेत. म्हणूनच ठोके मंदावणारी, हाताचा कंप घालवणारी बीटा-ब्लॉकर औषधं नेमबाजीत निषिद्ध आहेत. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सूची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉलपायी गेली. जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हे औषध घडवलं ते मात्र हृदयरोग्यांसाठी. १९८८चं नोबेल त्यांना मिळालं.

बायपासनंतर मलाही रोज त्याच जातीची गोळी आहे. छातीचं हाड तारांनी बांधलेलं. ते सांधेपर्यंत तीन महिने रायफल बंद. मग रेंजवर परतलो ते पॉइंट टू-टू घेऊन, तिचा धक्का नावालाच असतो. वडिलांची थ्री-वन-फाइव्ह कपाटातच आहे. ती शिकारीची. १९७२चा वन्यजीव कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने उरलीसुरली शिकारही संपली. (जंगलात लघवीचा नमुना कोणी मागत नसे, हे खरं.)

स्पर्धेचं काय करायचं? डॉक्टरांना विचारलं, "कोणती गोळी सोडू?" ते हसलेसुद्धा नाहीत.

सध्या स्वतःपुरता नेम धरतो. ग्रुपिंग पूर्वीपेक्षा घट्ट येतंय. ते माझं की औषधाचं, हे मला सांगता येत नाही.