धूर आणि ऊब यांच्यामधली भिंत

फोक्सवॅगनच्या जुन्या कॅम्पर व्हॅनचा हीटर उघडण्याआधी त्याचं कूळ माहीत असावं. 23 एप्रिल 1947 रोजी बेन पॉन या डच मोटारविक्रेत्याने वहीत एका चौकोनी गाडीचं चित्र काढलं: चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे. मार्च 1950 मध्ये ती व्हॅन वुल्फ्सबर्गला तयार होऊ लागली आणि पुढच्याच वर्षी वेस्टफालियाने तिच्यात राहण्या-झोपण्याची सोय केली. इंजिन मात्र बीटलचंच, हवेवर थंड होणारं. इतर मोटारींना उबेसाठी रेडिएटरचं गरम पाणी आयतं मिळतं; हिच्यात पाणीच नव्हतं.

म्हणून सुरुवातीला सिलिंडरांवरून फिरून तापलेली हवाच आत सोडत. तिच्यासोबत ऑइलचा वासही येई. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली तोड मला आजही विलक्षण वाटते. धुराच्या नळीभोवती धातूची पाती, त्याभोवती पत्र्याचं आवरण आणि मधल्या पोकळीतून पंख्याची ताजी हवा. आत जळका धूर, बाहेर माणसांनी श्वासात घ्यायची हवा. मधे फक्त नळीची जाडी.

दुरुस्तीचा जीव या नळीतच आहे. बाहेरचा पत्रा गंजला तर ऊब वाया जाते, ठिगळ लावून भागतं. आतली नळी गंजून भोक पडलं, तर कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये शिरतो, आणि त्याला ना रंग ना वास. तिथे ठिगळाचा मोह धरूच नये. अख्खा भाग बदलावा.

दुसरी अडचण मुळातलीच होती. इंजिन बंद झालं की ऊबही गेली, म्हणजे ऐन झोपायच्या वेळी. ती उणीव एबरश्पेशरच्या पेट्रोल हीटरने भरून काढली. याकोब एबरश्पेशर यांनी 1865 मध्ये एसलिंगेनला पत्रेकामाचा कारखाना काढला. पुढे त्या घराण्याने सायलेन्सर केले, मग वाहनांचे हीटर. हा हीटर गाडीच्या टाकीतलं पेट्रोल स्वतःच्या छोट्या भट्टीत जाळतो. धूर वेगळ्या नळीने बाहेर जातो, केबिनची हवा भट्टीच्या बाहेरून तापून येते. म्हणजे इथेही तीच भिंत, आणि तपासणीही तीच.

बटण बंद केल्यावर त्याचा पंखा काही वेळ फिरत राहतो. हा बिघाड समजून अनेकजण तार काढतात. भट्टी निवेपर्यंत तो फिरायलाच हवा.