प्लग-इन हायब्रिड : वीज किती, पेट्रोल किती?

रात्री घरच्या प्लगवर बॅटरी भरायची, रोजची ये-जा विजेवर करायची आणि लांबचा पल्ला आला की पेट्रोलचा आधार घ्यायचा, हे प्लग-इन हायब्रिड मोटारीमागचे गणित. साध्या हायब्रिडला प्लग नसतो. तिची बॅटरी इंजिन आणि ब्रेक यांच्यातूनच भरते. म्हणजे अखेर पेट्रोलवरच. प्लग-इन मोटारीत मात्र बॅटरी मोठी असते आणि आधी कोणती ऊर्जा खर्चायची, याचा निर्णय संगणक घेतो.

डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेली जनरल मोटर्सची शेवरोले व्होल्ट हे याचे बोलके उदाहरण. तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. पहिल्या व्होल्टमध्ये १६ किलोवॉट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत १६ युनिट क्षमतेची बॅटरी आणि १.४ लिटरचे पेट्रोल इंजिन होते. अमेरिकी सरकारी मोजणीनुसार पहिले सुमारे ५६ किलोमीटर ती निव्वळ विजेवर धावे. कडाक्याच्या थंडीसारखे अपवाद सोडले, तर या टप्प्यात अ‍ॅक्सिलरेटर कितीही दाबला तरी इंजिन स्वस्थच राही.

बॅटरी 'संपली' म्हणजे रिकामी झाली, असे नव्हे. तिचे आयुष्य टिकावे म्हणून १६ पैकी साधारण १० युनिटेच वापरण्यास मोकळी होती. खालची मर्यादा आली की इंजिन सुरू होई. पण ते बॅटरी काठोकाठ भरण्यासाठी नव्हे, तर आहे ती पातळी टिकवण्यासाठी. चढावर बॅटरी जादा जोर देई. उतारावर किंवा ब्रेक लावताना मोटरच जनित्र बनून वीज परत करी. पेट्रोल जाळून वीज, ती बॅटरीत आणि तेथून चाकांकडे, या प्रवासात प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा वाया जाते. म्हणूनच बॅटरी उतरल्यावर, वेग जास्त असेल तेव्हा व्होल्टचे इंजिन गिअरमार्गे चाकांनाही थेट हातभार लावी. ऑक्टोबर २०१० मध्ये हे उघड झाले तेव्हा, 'ही खरी इलेक्ट्रिक मोटार नव्हेच', असा गदारोळ झाला. अभियंत्यांचा निर्णय योग्य होता. अडचण झाली ती जाहिरातीची.

पेट्रोलला हातच न लावणाऱ्या मालकांचाही विचार करावा लागला. इंजिन कित्येक आठवडे बंद राहिले, तर व्होल्ट ते आपणहून थोडा वेळ चालवी. टाकीतले पेट्रोल फार जुने झाले, तर ते जाळून टाकी.

खरा प्रश्न उलट्या टोकाला आहे. प्लग लावलाच नाही, तर सुमारे १९८ किलोची ही बॅटरी बव्हंशी ओझेच ठरते. प्रयोगशाळेतील चाचणीत इंधनखर्चाचा आकडा काढताना, मोटार किती अंतर विजेवर चालेल याचा वाटा गृहीत धरलेला असतो. युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये, मोटारींतील इंधनमापकांनीच नोंदवलेल्या माहितीवरून, प्रत्यक्ष रस्त्यावरील स्थिती मांडली. प्लग-इन हायब्रिडचे कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन चाचणीतील आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल व डिझेल मोटारींत ही तफावत सुमारे २० टक्के होती. गृहीत धरले होते, त्याहून बॅटरी फार कमी वेळा भरली जाते, हे त्यामागचे मुख्य कारण. कंपनीच्या मोटारींत हे अधिकच दिसते. पेट्रोलचे बिल कंपनी भरत असेल आणि विजेचे स्वतः भरायचे असेल, तर प्लगकडे दुर्लक्ष होणारच.

हा गृहीत वाटा कमी करणारे नियम युरोपात २०२५ पासून नव्या मॉडेलांना टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागले. त्यामुळे तीच मोटार, तीच बॅटरी, पण कागदावरचे उत्सर्जन पूर्वीपेक्षा जास्त आणि काही देशांत त्यावर बेतलेला करही.