काँथा : जुन्या वस्त्रांतून घडलेला आहेर

झिजलेल्या साड्या व धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने एकत्र शिवून तयार होणारे बंगालमधील पांघरूण म्हणजे काँथा. महाराष्ट्रातील गोधडी याच कुळातील असली, तरी गोधडीत रंगीत तुकड्यांची जोडणी नजरेत भरते, तर काँथ्याच्या पांढऱ्या पृष्ठावर दोऱ्याने रेखलेली चित्रे प्रधान असतात. अशा चित्रमय काँथ्याला ‘नक्षी काँथा’ म्हटले जाते. जेसोर, खुलना, फरीदपूर, राजशाही या भागांतील हिंदू आणि मुसलमान अशा दोन्ही समाजांच्या स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकात हे काम मोठ्या प्रमाणावर केले, आणि ते प्रामुख्याने घरच्याच माणसांसाठी केले: जन्माला येणाऱ्या बाळासाठी, लग्न होऊन सासरी निघालेल्या लेकीसाठी किंवा जावयासाठी. या कलेचा इतिहास समजून घ्यायचा, तर टाक्यांच्या प्रकारांइतकेच ती वस्तू कोणासाठी शिवली गेली याकडेही लक्ष द्यावे लागते.

काँथ्याची घडण काटकसरीतून सुरू होत असे. वारंवार धुतल्याने मऊ पडलेली सुती वस्त्रे जमिनीवर ताणून पसरत, त्यांच्या कडा वजन ठेवून किंवा खजुरीचे काटे टोचून पक्क्या करत, आणि लांब टाके घालून थर जागच्या जागी धरून ठेवल्यावरच खरी शिवण सुरू होई. दोराही विकत आणला जात नसे. साडीच्या काठातून लाल, निळे, काळे धागे उसवून तेच सुईत ओवले जात, आणि जुन्या काँथ्यांत हे मोजकेच रंग पुन्हा पुन्हा का दिसतात, याचे एक कारण येथे सापडते. आकृत्यांच्या मधली मोकळी जागा पांढऱ्या दोऱ्याच्या बारीक टाक्यांनी भरली जाई आणि हे टाके आकृतीच्या कडेला समांतर फिरत असल्याने कापडावर पाण्यासारख्या लहरी उमटत. घरकामातून दुपारी सवड मिळेल तेव्हा, आणि पावसाळ्यात थोडी अधिक, असे हे काम चालत असल्याने एक मोठा काँथा पुरा व्हायला महिने लागत, कधी वर्षेही लागत.

लग्नाच्या दृष्टीने दोन प्रकार महत्त्वाचे ठरतात. ‘लेप’ हा थंडीत पांघरण्याचा जाड काँथा, तर ‘सुजनी’ हे मान्यवर पाहुण्यांच्या बैठकीसाठी किंवा विवाहासारख्या प्रसंगी अंथरण्याचे लांबट वस्त्र होय. मध्यभागी कमळ आणि चार कोपऱ्यांतून त्याकडे झुकणारे वृक्ष किंवा कल्का, म्हणजे मराठीतील कोयरी, ही रचना जमिनीवर काढल्या जाणाऱ्या आल्पनेशी जवळचे नाते सांगते. मधल्या जागेत पालखी, हत्ती, फणी, आरसा, अडकित्ता अशा वस्तू येतात, ज्यांतून भरल्या संसाराची इच्छा व्यक्त होते. मंगलप्रसंगी जीर्ण कापड वर्ज्य ठरावे अशी अपेक्षा असताना ते येथे चालते, कारण वापरलेल्या वस्त्राने दृष्ट टळते अशी समजूत होती. शिवाय आईच्या किंवा आजीच्या अंगावर झिजलेली साडी मुलीबरोबर सासरी जाई.

देण्याची दिशा नेहमी थोरांकडून धाकट्यांकडेच असे, असेही नाही. कोलकात्याजवळच्या जोका येथील गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी दासी या स्त्रीने वडिलांसाठी शिवलेली सुजनी आहे. तिच्यावर देवदेवतांच्या जोडीला ब्रिटिश काळातील शिपाई आणि साहेब लोक अवतरतात, आणि शिवलेल्या अक्षरांत अर्पणाचा मजकूरही येतो. अशा लेखांमुळे, एरवी अनाम राहणाऱ्या या कलेतील काही स्त्रियांची नावे टिकून राहिली.

बंगालच्या सुईकामाला परदेशी गिऱ्हाईक नव्हते असे मात्र नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांत पोर्तुगीज व्यापारी सुती कापडावर पिवळसर टसर रेशमाने भरलेल्या, शिकारीची व बायबलमधील दृश्ये असलेल्या रजया येथून नेत असत. व्यापारासाठी भरतकाम चालत असतानाही घरगुती काँथा बाजाराबाहेर राहिला, आणि त्याचे वेगळेपण यातच आहे.

विसाव्या शतकात ही स्थिती पालटली. सनदी अधिकारी गुरुसदय दत्त यांनी खेड्यापाड्यांतून काँथे गोळा केले, जसीमुद्दीन यांचे ‘नक्षी काँथार माठ’ हे काव्य 1929 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि स्टेला क्रामरिश यांनी 1939 मध्ये काँथ्यावर अभ्यासलेख लिहिला. अशा रीतीने घरातील पेटीत ठेवली जाणारी वस्तू अभ्यासाचा विषय झाली. 1947 च्या फाळणीने काँथ्याचे अनेक महत्त्वाचे जिल्हे पूर्व पाकिस्तानात गेले. बांगलादेशाच्या निर्मितीनंतर स्त्रियांना रोजगार देण्यासाठी ही कला पुन्हा संघटित करण्यात आली आणि 1978 मध्ये ‘ब्रॅक’ या संस्थेने सुरू केलेल्या ‘आडोंग’सारख्या विक्रीकेंद्रांतून ती शहरांत पोहोचली. नव्या कामात कापड नवे, दोरा विकतचा, आकृती आधी छापून घेतलेली आणि गिऱ्हाईक अनोळखी असते. टाका तोच राहिला आणि शिवणारीला मोबदला मिळू लागला, हा लाभ लहान नाही. परंतु काठाचा धागा, अर्पणाचा लेख आणि विशिष्ट माणसाला उद्देशून केलेली चित्रांची निवड ही वैशिष्ट्ये आहेराच्या नात्यातून आलेली असल्याने, ते नाते सुटताच ती मागे पडली.