कसबा

पारोळ्याचा भुईकोट भर बाजारात आहे. खंदकाच्या काठावर उभं राहिलं की एका बाजूला बुरूज आणि दुसऱ्या बाजूला भाजीवाल्यांच्या हातगाड्या दिसतात. ‘कसबा’ या शब्दाचा सगळा प्रवास इथे एका नजरेत मावतो.

मूळ अरबी ‘क़सबा’ म्हणजे नगराचा गाभा, तिथला कोट. अरबांबरोबर तो पश्चिमेला स्पेनच्या दक्षिणेत गेला आणि ‘अल’ हे उपपद कायमचं चिकटवून ‘अल्काझाबा’ झाला. आल्मेरिया, मालागा, अगदी अंतेकेरासारख्या लहान गावातही टेकडीवरच्या गढीला हेच नाव आहे. अल्जीयर्समध्ये त्याचा अर्थ पसरून अख्खी जुनी वस्तीच कसबा ठरली.

आपल्याकडे तो फारसीतून आला, पण तटबंदी वाटेतच गळाली आणि बाजार उरला. जुन्या दप्तरात साधं खेडं ते ‘मौजे’, पेठ आणि परगण्याचा कारभार असलेलं गाव ते ‘कसबे’. कसब असलेले कारागीर राहतात म्हणून कसबा, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड, पण खोटी. ते ‘कसब’ कमाईवरून आलेलं, अरबीत त्याची अक्षरंही निराळी.

इंग्रजी अमलात कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या धुळ्याच्या भागात मात्र कसब्याऐवजी आकडे आले. ‘पाचव्या गल्लीत राहतो’ एवढा पत्ता तिथे पुरतो.

आता कसबे सुकेणे, कसबा बावडा अशा गावांच्या नावांत तो टिकून आहे. वर्तमानपत्रात ‘कसब्यात चुरस’ छापलं, की जळगावचा वाचकही पुण्याचाच मतदारसंघ समजतो.