धातूचे गंधर्व

आवाज या विषयात मराठी माणसाचं धोरण मोठं चमत्कारिक आहे. वरातीतल्या बँडवाल्यानं कानाशी ट्रंपेट आणून फुंकला, तर तो मंगलध्वनी. विसर्जनाच्या मिरवणुकीत साठ ढोल एकदम घुमून खिडक्यांची तावदानं थरथरली, तर ती संस्कृती. वरच्या मजल्यावर पहाटे साडेपाचला कुणी खलबत्त्यात सुंठ कुटायला घेतली, तर ते औषध. पण शेजारच्या पोरानं गिटारीची वायर प्लगात खुपसली रे खुपसली, की सोसायटीची सभा भरते आणि 'कसला हा गोंगाट!' असा एकमुखी ठराव पास होतो. ठराव मांडणारे गृहस्थ बहुधा तेच असतात, जे मिरवणुकीत पुढे ताशा बडवत असतात.

हे सगळं सांगायचं कारण, साठी उलटल्यावर मी 'सिम्फॉनिक मेटल' नावाच्या संगीताचा भक्त झालो आहे. हे नाव घरात प्रथम उच्चारलं तेव्हा आमच्या हिनं, "म्हणजे काय, मोडीत घालायचंय की घ्यायचंय?" असं विचारलं. तिचा दोष नाही. मेटल म्हणजे धातू, आणि आमच्या घरात धातूचा आणि आवाजाचा संबंध फक्त भांडी घासताना येतो. दीक्षा दिली ती भाच्यानं. "मामा, तुम्हाला संगीत नाटकं आवडतात ना? मग हे ऐका," म्हणून त्यानं माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले. आधी व्हायोलिनांचा एक गोड गलबला ऐकू आला, मग देवळातल्यासारखं वृंदगायन. आता कुणीतरी आरतीचं तबक फिरवणार असं वाटतंय, तोच दोन गिटारी आणि दोन्ही पायांनी बडवायचा ढोल असे अंगावर कोसळले, की माझा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. आणि त्या धुमश्चक्रीच्या वर, घारीनं वाऱ्यावर पंख पसरून तरंगावं तसा एक बाईचा आवाज! मी भाच्याला एवढंच म्हणालो, "वन्समोअर."

आता आवड जडली की माणूस कुळाची चौकशी करतो. मीही केली.

या धातूची खाण इंग्लंडात बर्मिंगहॅमला, आणि तीही एका पत्र्याच्या कारखान्यात. १९६५ साली टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा तिथं कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. शेवटचा बरं का! यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. पोरगा डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायचा नेमका तोच हात. दुसरा असता तर हरी हरी करत बसला असता. यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढे तारा सैल सोडल्या. सैल तारेचा आवाज जड होऊन खर्जात उतरला, आणि त्या जखमी खर्जातून हेवी मेटल जन्माला आलं. त्याच्या 'ब्लॅक सबाथ' मंडळीची पहिली तबकडी निघाली १३ फेब्रुवारी १९७० ला. वार शुक्रवार. तेरा तारखेचा शुक्रवार तिकडं महाअशुभ. म्हणजे सर्वपित्री अमावास्येला दुकानाचं उद्घाटन केल्यासारखंच. त्यातलं पहिलं गाणं सुचलं ते होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या ग्रहांवरच्या रचनेतल्या 'मंगळा'वरून, असं त्या मंडळीतला गीझर बटलर सांगतो. तेव्हा या संगीताच्या पत्रिकेत कडक मंगळ जन्मापासूनच आहे.

अशा मंगळाच्या पोराला सिम्फनीसारख्या खानदानी घराण्यातली मुलगी कोण देणार? पण बोलणी आधीच सुरू झाली होती. २४ सप्टेंबर १९६९ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये 'डीप पर्पल' या मंडळीनं रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर एक कॉन्चेर्तो वाजवला. तो लिहिला होता त्यांच्या ऑर्गनवाल्या जॉन लॉर्डनं. म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम तर झाला. पुढच्याच वर्षी त्या रचनेची स्वरलिपी हरवली. सबंध! नशीब, त्या रात्रीची ध्वनिमुद्रिका होती. पुढे एका डच संगीतकारानं ती ऐकून ऐकून सगळी स्वरलिपी नव्यानं लिहून काढली आणि १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये ती पुन्हा वाजली. तीस वर्षांनी जुळलेली सोयरीक आमच्या नात्यातही एकच आहे.

प्रत्यक्ष लग्न लागलं ते त्याआधी, १९९६ च्या सुमारास, आणि लागलं ते उत्तरेकडच्या थंडीत. स्वित्झर्लंडच्या 'सेल्टिक फ्रॉस्ट'नं १९८७ मध्येच आपल्या घणाघातात व्हायोलिनं आणि स्त्रीचा आवाज मिसळून पाहिला होता. पण १९९६ साली स्वीडनच्या 'थेरिऑन'नं 'थेली' या तबकडीत वृंदगायकांचा जथाच आणून उभा केला. त्याच वर्षी फिनलंडच्या 'अपोकॅलिप्टिका'च्या चार पोरांनी चार चेलो मांडीशी धरून मेटॅलिकाची गाणी वाजवली. त्याच वर्षी हॉलंडात 'विदिन टेम्प्टेशन' ही मंडळी निघाली. आणि त्याच वर्षाच्या जुलैत फिनलंडच्या पूर्व टोकाला, रशियाच्या सरहद्दीजवळच्या कितेए गावचा एकोणीस वर्षांचा तुओमास होलोपाइनेन मित्रांबरोबर शेकोटीपाशी बसला असताना त्याच्या डोक्यात एक मंडळी काढायचं आलं.

मूळ बेत फार सोज्ज्वळ होता. शेकोटीपाशी म्हणावीत अशी हळुवार गाणी, साधी गिटार आणि गावातलीच एक मुलगी गायला. मुलीचं नाव तार्या तुरुनेन, वय अठरा, शिक्षण ऑपेराच्या गायकीचं. तिनं आवाज लावला आणि साधी गिटार त्याखाली चिरडून गेली. तंबोऱ्याच्या साथीला रेल्वेचं इंजिन यावं तसं झालं. दुसरा कुणी असता तर मुलीला 'जरा हळू गा' म्हणाला असता. या मंडळींनी उलट हिशेब केला. आवाज एवढा मोठा, तर साथही तेवढीच मोठी हवी. मग विजेच्या गिटारी आल्या, मोठा ढोल आला, आणि 'नाइटविश' जन्मली. जो गळा मावत नाही त्याच्यासाठी घर वाढवायचं, ही या संगीताची मूळ प्रतिज्ञा. मला ती फार आवडते. आयुष्यभर सगळ्यांनी मला 'जरा हळू' असंच सांगितलेलं आहे.

पहिली काही वर्षं खिशात दमड्या नव्हत्या. ऐंशी वाजंत्री परवडणार कशी? होलोपाइनेन एका कीबोर्डवर सगळा ऑर्केस्ट्रा वाजवायचा. आमच्या जुन्या नाटकांत मागे रंगवलेला राजवाड्याचा पडदा सोडत, खांब सपाट आणि झुंबर वाऱ्यानं हलायचं, पण पुढचा नट असा काही उभा राही की तो राजवाडा खरा वाटे. तसंच हे. २००४ च्या 'वन्स' या तबकडीच्या वेळी मात्र त्यांनी लंडनला जाऊन खरा ऑर्केस्ट्रा बसवला. त्यात 'घोस्ट लव्ह स्कोअर' नावाचं दहा मिनिटांचं गाणं आहे. ते ऐकताना मला फोन करू नये, अशी घरात पाटी आहे.

"पण हे तुमच्या वयाला शोभतं का?" असं आमच्या हिनं एकदा विचारलं. त्यावर माझ्याकडे क्रिस्टोफर ली आहे. ड्रॅक्युला म्हणून ज्यानं आमची झोप उडवली, तोच. या गृहस्थानं २०१० साली, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, आपला पूर्वज म्हणून शार्लमेन बादशहावर एक सिम्फॉनिक मेटलची तबकडी काढली. नव्वदी गाठल्यावर दुसरी काढली. त्याला मेटलवाल्यांनी सन्मान दिला आणि तो द्यायला कोण, तर टोपणवाल्या बोटांचा टोनी आयोमी. "तेव्हा मला अजून वीसेक वर्षं अवकाश आहे," मी म्हणालो. "तोवर चहा घ्या," ती म्हणाली.

इथवर सगळं सुरळीत आहे. पण मंडळी म्हटली की ती फुटायचीच. २१ ऑक्टोबर २००५. हेलसिंकीत दौऱ्यातला शेवटचा प्रयोग, हॉल भरलेला, तार्या जीव ओतून गायली. प्रयोग संपल्यावर सोबत्यांनी तिच्या हातात एक पत्र ठेवलं. 'यापुढं आपलं जमणार नाही' असा मजकूर. तेच पत्र लगेच जाहीरही झालं. कोण चुकलं, याचा निवाडा मी करत नाही. माझ्या मनात येतो तो प्रयोग पाहून घरी निघालेला श्रोता. रात्री टाळ्या वाजवून तळहात लाल झाले होते, आणि लाली उतरायच्या आत समजलं, की आपण निरोपसमारंभाला गेलो होतो.

आपल्याला यात नवीन काही नाही. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्कर मंडळी सोडून निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, तेव्हा महाराष्ट्रातली किती घरं आतून दुभंगली असतील! हॉलंडातही तेच. 'आफ्टर फॉरएव्हर' या मंडळीतून मार्क यान्सन २००२ मध्ये बाहेर पडला, त्यानं 'एपिका' काढली, सिमोन सिमन्स ही सतरा वर्षांची मुलगी गायला घेतली आणि स्वतः तिच्यामागे दशावतारातल्या संकासुरासारखं गुरगुरण्याचं काम पत्करलं. मागे राहिलेल्या मंडळीत गाणारी होती फ्लोर यान्सन. आडनाव एक, नातं काही नाही. तिचं नाव लक्षात असू द्या.

आमचे आजोबा गंधर्वभक्त. त्यांची भामिनी एकच. पुढे रेडिओवर तीच पदं दुसऱ्या कुणी म्हटली, की ते उठून अंगणात जात आणि पद संपेपर्यंत तुळशीला पाणी घालत. तुळस दोनदा कुजली. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. आता वाटतं, त्या माणसाच्या दृष्टीनं ते पद म्हणजे चाल नव्हतीच. ते पद म्हणजे तो गळा, ती रात्र, शेजारी बसलेला मित्र. त्यातलं काहीही बदलून चालणार कसं?

नाइटविशच्या श्रोत्यांतही असे तुळशीवाले निघालेच. नवी गायिका आनेत ओल्सोन २००७ मध्ये आली. बिचारी चांगली गायची, वेगळी गायची, आणि वेगळी गायची हाच तिचा गुन्हा. २०१२ साली अमेरिकेच्या दौऱ्यात अर्ध्यावरच तिचा आणि मंडळीचा संबंध संपला. प्रयोग लागलेले, तिकिटं विकलेली. हॉलंडात फोन गेला, तो फ्लोर यान्सनला. दोन दिवसांत गाणी बसवून ती सिअ‍ॅटलच्या रंगमंचावर उभी राहिली. पुढच्या वर्षी ऑगस्टात जर्मनीतल्या वाकन या चिमुकल्या गावच्या जत्रेत, हजारोंच्या गर्दीपुढं, ती 'घोस्ट लव्ह स्कोअर' गायली.

ते चित्रण मी किती वेळा पाहिलं, ते सांगत नाही. तिनं तार्याची नक्कल केली नाही. पहिला भाग जपून, परक्या घरातलं काचसामान हाताळावं तसा म्हटला. शेवटाकडे मात्र आवाज मोकळा सोडला आणि एका जागी असा वर नेला, की ते दहा मिनिटांचं गाणं तिचं झालं. तार्याचं होतं तेही राहिलं. एका गाण्याचे दोन धनी, आणि भांडण नाही! पुढे तर आणखी गंमत झाली. तार्याबरोबर नाइटविशमध्ये गाणारा मार्को हिएतालाही २०२१ मध्ये मंडळीतून बाहेर पडला, आणि २०२४ साली त्या दोघांनी मिळून पुन्हा एक गाणं म्हटलं. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले 'संयुक्त मानापमान'साठी एकत्र उभे राहिले, त्याची मला आठवण झाली. गाण्याचं नाव 'लेफ्ट ऑन मार्स'. मंगळ काही पत्रिका सोडत नाही.

कधी रात्री मी तार्याचं ऐकतो आणि लगेच पाठोपाठ फ्लोरचं. पहिल्या आवाजाला विसरल्यावाचून दुसऱ्याला दाद देता येते का, हा प्रश्न आजोबांनी तुळशीपाशी सोडवला, मी हेडफोनमध्ये सोडवतो आहे. माझ्यापुरतं उत्तर 'येते' असं आहे. आजोबांना मी हे ऐकवलं असतं, तर गिटारींचं त्यांना काही वाटलं नसतं, दोन पायांचा ढोलही त्यांनी पचवला असता. फ्लोरचा तो शेवटचा स्वर मात्र त्यांनी डोळे मिटून ऐकला असता, मान डोलावली असती, आणि म्हणाले असते, "गळा आहे हो पोरीला. पण ती पहिली..."

आणि उठून पाण्याचा तांब्या शोधला असता.